दोन दप्तरांत विभागलेली प्रतिकारशक्ती : राज्याच्या आरोग्य आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कोरोनाचा जुना संसर्ग आणि लसीकरण यांच्या नोंदी जोडून त्यांचा अभ्यास खुला करण्याबाबत.

महोदय,

मी अमरावती जिल्ह्यात फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आज कोरोनाविरुद्धची जी प्रतिकारशक्ती आहे, ती दोन वाटांनी आली आहे. एक वाट आजाराची, दुसरी लसीची. या दोन्ही एकाच शरीरात भेटल्या की काय होतं आणि नव्या व्हेरियंटपुढे ते किती टिकतं, यावर जगभर खूप काम झालं. त्याला हायब्रिड इम्युनिटी म्हणतात. आपल्या राज्यात अशी प्रतिकारशक्ती असलेली कोट्यवधी माणसं आहेत आणि त्यांची माहितीही शासनाकडे आहे. फक्त ती दोन वेगळ्या दप्तरांत पडून आहे. तपासणीच्या नोंदी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पोर्टलवर, लसीच्या नोंदी कोविनवर. ही दोन दप्तरं जोडावीत, नावं-गावं काढून अभ्यासकांना खुली करावीत आणि त्यातून जे हाती लागेल ते आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचवावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

हे पत्र अमरावतीतून यावं, यालाही कारण आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत बाकीचा महाराष्ट्र ‘गेला एकदाचा कोरोना’ म्हणत लग्नसराईच्या तयारीला लागला होता, तेव्हा आमच्याकडे तापाचे रुग्ण एकाएकी वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाली. विदर्भातल्या आणि राज्यातल्या इतर नमुन्यांत स्पाइक प्रथिनातले, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांतले, जे बदल दिसत होते, त्यांची २४ मार्चला केंद्राने ‘डबल म्युटंट’ म्हणून वाच्यता केली. शास्त्रीय यादीत त्या घराण्याचं नाव बी.१.६१७. त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी डेल्टा असं नाव दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेतल्या या बदलांवर त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध केला. जगाला हादरवणाऱ्या विषाणूच्या घराण्याच्या सुरुवातीच्या खुणा आमच्या भागात सापडल्या. पण त्याच्यापुढे आणि त्याच्या नंतर आलेल्यांपुढे कोणाची प्रतिकारशक्ती टिकली, कोणाची कमी पडली, हे आम्हाला आजही कतार, इस्रायल आणि इंग्लंडच्या आकड्यांवरून वाचावं लागतं. याचं मला वाईट वाटतं, आणि ते लपवून ठेवायचं कारण दिसत नाही.

आमच्या रोजच्या कामात हा प्रश्न कसा समोर येतो, ते सांगते. साठी ओलांडलेली एक बाई आहे, मधुमेहाची जुनी रुग्ण. तिची प्लास्टिकची फाइल उघडली की सगळी साथच टेबलावर पसरते. एप्रिल २०२१ चा एचआरसीटी, म्हणजे छातीचा सीटी स्कॅन, फुप्फुसाचा स्कोअर पेनाने गोल केलेला. आरटीपीसीआरचा रिपोर्ट नाही, कारण तेव्हा रिपोर्ट यायला दिवसच्या दिवस लागत होते आणि बेड मिळवायला स्कोअर चालत होता. मग ऑक्सिजन आणि स्टेरॉइड दिल्याचं डिस्चार्ज कार्ड. त्याच्या मागे झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणलेली कोविशिल्डची दोन प्रमाणपत्रं, आजारानंतर काही महिन्यांनी घेतलेली. जानेवारी २०२२ मध्ये तीन दिवस ताप, घसा, अंगदुखी; घरातल्या सगळ्यांना झाली, तपासणी कोणीच केली नाही. टीव्हीवर नव्या व्हेरियंटची बातमी लागली की ती येऊन विचारते, “मॅडम, मले तं होऊन गेला ना कोरोना, सुया बी घेतल्या दोन. आता हा नवा आला म्हणतेत, मले काई होईन का?”

शासनाच्या दप्तरात ही बाई ‘दोन डोस पूर्ण’ एवढीच आहे. तिला डेल्टाच्या लाटेत जिवावरचं दुखणं येऊन गेलं, हे आयसीएमआरच्या पोर्टलला ठाऊक नाही, कारण नाकातला स्वॅब पॉझिटिव्ह आल्याची नोंदच झाली नाही. ओमिक्रॉनचा ताप कुठेच लिहिलेला नाही. आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं याच दोन न लिहिलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे.

तिच्या शरीरात काय घडलं असेल, ते थोडं सविस्तर मांडते. हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील, आणि मागणी समजायची तर एवढं समजायला हवं.

विषाणू अंगात शिरला की काही दिवसांत अँटिबॉडी तयार होतात, काही महिन्यांत त्यांची पातळी उतरते. लोक याला ‘ताकद संपली’ म्हणतात. पण खरं काम चाललेलं असतं लसिका ग्रंथींमध्ये. लस दंडात टोचल्यावर कित्येकांच्या काखेत अवधाण आलं होतं, ते याच ग्रंथींचं. तिथे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी स्वतःच्या अँटिबॉडीच्या जनुकांत छोटे-छोटे बदल करत राहतात. ज्यांची अँटिबॉडी विषाणूला जास्त घट्ट चिकटते त्या पेशी राहतात, बाकीच्या मरतात. शेतकरी दर हंगामात ज्वारीची भरदार कणसं बियाण्यासाठी बाजूला काढतो, तशी ही निवड आठवड्यांमागून आठवडे चालते. नैसर्गिक संसर्गानंतर ती सहा महिने आणि त्यापुढेही चालू राहते, हे २०२१ मध्येच दिसलं. म्हणजे रक्तातली अँटिबॉडी कमी होत असतानाच मागे राहिलेल्या स्मृतिपेशी अधिक तरबेज होत असतात.

आता काही महिन्यांनी त्याच माणसाला लस मिळाली की या सुधारलेल्या स्मृतिपेशी जाग्या होतात आणि भराभर वाढतात. त्यातून येणाऱ्या अँटिबॉडी संख्येने जास्त असतात, आणि मूळ विषाणूबरोबर त्याची बदललेली रूपंही त्यांच्या पकडीत येतात, कारण निवड होता-होता काही अँटिबॉडी स्पाइकच्या सहसा न बदलणाऱ्या भागांवर बसायला शिकलेल्या असतात. मधलं अंतर इथे महत्त्वाचं. ग्रंथींमधलं काम पुरतं होण्याआधीच दुसरा डोस टोचला तर तो लाभ कमी होतो. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा आठवडे झालं, तेव्हा लसीच्या तुटवड्यामुळेच हे केलं अशी टीका झाली. तुटवडा होताच. पण ऑक्सफर्डच्या चाचण्यांतही बारा आठवड्यांहून जास्त अंतर ठेवलेल्यांत परिणामकारकता ८१ टक्के आणि सहा आठवड्यांहून कमी अंतर असलेल्यांत ५५ टक्के आली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि लोकांना हे तेव्हाच नीट समजावून सांगायला हवं होतं.

आजाराची वाट आणि लसीची वाट यांत आणखी फरक आहेत. कोविशिल्ड शरीराला फक्त स्पाइक दाखवते. आजारात सगळा विषाणू दिसतो, आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनसुद्धा, आणि टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याचे अनेक तुकडे लक्षात ठेवतात. विषाणू स्पाइकमध्ये कितीही वेष पालटो, टी-पेशी ज्या तुकड्यांना ओळखतात त्यातले बरेचसे तसेच राहतात. केपटाउनच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन आल्या-आल्या तपासलं, तेव्हा आधी लस घेतलेल्या किंवा आजारातून उठलेल्या लोकांत टी-पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद शाबूत होता. शिवाय संसर्ग नाकातून होतो, त्यामुळे नाकाच्या अस्तरावर आयजीए अँटिबॉडी तयार होतात. दंडातली सुई हे काम फारसं करत नाही. हीच उणीव भरून काढायला हैदराबादच्या भारत बायोटेकने नाकावाटे द्यायची इन्कोव्हॅक बनवली आणि २६ जानेवारी २०२३ रोजी ती बाजारात आणली. माझ्या रुग्णांपैकी कोणाला ती मिळाल्याचं मला आठवत नाही.

पुरावा किती भक्कम आहे? रॉकफेलर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक निरुपद्रवी विषाणू घेऊन त्यावर मुद्दाम २० बदल केलेलं स्पाइक बसवलं. नुसत्या आजारातून उठलेल्यांच्या किंवा नुसती लस घेतलेल्यांच्या रक्तद्रवाला ते बहुतांशी जुमानत नव्हतं. आजार होऊन मग लस घेतलेल्यांच्या रक्तद्रवाने मात्र त्याला निकामी केलं. ओमिक्रॉन अजून जगासमोर यायचा होता. तो आला तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये ३० हून जास्त बदल होते, आणि प्रयोगशाळेतली ती गोष्ट माणसांत तपासायची वेळ आली.

कतारमधल्या नोंदींवरून दिसलं की जुना संसर्ग डेल्टाच्या संसर्गापासून सुमारे ९२ टक्के संरक्षण देत होता. ओमिक्रॉनपुढे तेच ५६ टक्क्यांवर आलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र ८८ टक्क्यांच्या आसपास टिकून होतं. पुढे २०२३ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ओमिक्रॉनच्या काळात, बारा महिन्यांनंतर, नुसता जुना संसर्ग असलेल्यांना रुग्णालयात जावं लागण्यापासून किंवा गंभीर आजारापासून ७४.६ टक्के संरक्षण होतं. संसर्ग आणि लसीचा प्राथमिक कोर्स असं दोन्ही असलेल्यांना ९७.४ टक्के. पुन्हा संसर्ग होण्यापासूनचं संरक्षण मात्र दोन्हीकडे घसरलेलं, एकीकडे २४.७, दुसरीकडे ४१.८.

या चार आकड्यांत माझ्या त्या रुग्णाचं जवळजवळ सगळं उत्तर आहे. पुन्हा सर्दी-ताप होऊ शकतो, ऑक्सिजन लागण्याची शक्यता पूर्वीपेक्षा फार कमी. पण ‘जवळजवळ’ म्हणायचं कारण असं की या आढाव्यात येणारे बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत, आणि तिथल्या लसी मुख्यतः फायझर आणि मॉडर्नाच्या. आमच्याकडे टोचल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन. आमच्याकडे मधुमेह जास्त, दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा वापर बेसुमार, आणि लसीआधी झालेला आजार बहुतेकांचा डेल्टाचा. ९७.४ हा आकडा मी तिला जसाच्या तसा सांगू शकत नाही.

जुन्या संसर्गावर विसंबून राहण्याचा परिणाम आपण पाहिला आहे. दिल्लीत जानेवारी २०२१ च्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, ५६ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या. तीन महिन्यांनी त्याच दिल्लीत ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या. ब्राझीलच्या मनाउस शहरात ऑक्टोबर २०२० पर्यंत तीन चतुर्थांश लोकांना संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज निघाला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये गॅमा या व्हेरियंटने ते शहर पुन्हा उद्ध्वस्त केलं. मुंबईत मात्र वेगळं चित्र होतं. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या होत्या, आणि दुसऱ्या लाटेत रुग्णांचा मोठा वाटा इमारतींमधून आला. म्हणजे जुना संसर्ग काही ठिकाणी उपयोगी पडला, काही ठिकाणी अपुरा ठरला. याच्या कारणांची फोड वय, डोस आणि व्हेरियंटनुसार करता आली असती. आजही करता येईल.

ओमिक्रॉनबद्दल एक गैरसमज अजून घट्ट आहे, की तो मुळातच सौम्य होता. डेल्टापेक्षा तो काहीसा सौम्य होता, हे खरं. पण २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगकडे पाहावं. तिथे त्याआधी संसर्ग फारसा पसरलेला नव्हता, आणि ऐंशी ओलांडलेल्या बहुसंख्य वृद्धांचं लसीकरण झालेलं नव्हतं. त्या एका लाटेत तिथे सुमारे नऊ हजार माणसं गेली, बहुतेक म्हातारी आणि लसीचे डोस पूर्ण न झालेली. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये घरोघरी ताप होता, पण बेड रिकामे राहिले. कारण तोवर डेल्टा गावोगाव फिरून गेला होता आणि त्यावर लसीचे डोस चढले होते. ही भिंत ओमिक्रॉनच्या आधी उभी राहिली.

तिची किंमत मात्र विसरू नये. हायब्रिड इम्युनिटीचे आकडे वाचताना माझ्या मनात नेहमी हेच येतं की हे सगळे आकडे वाचलेल्यांचे आहेत. महाराष्ट्रात सरकारी नोंदीप्रमाणेच १ लाख ४८ हजारांहून जास्त माणसं गेली. ती माणसं या आकड्यांत नाहीत. म्हणून ‘एकदा होऊन गेलेला बरा’ हे वाक्य मी कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही. दोन्ही वाटा मिळून जी ताकद येते, तिच्यातली लसीची वाट आपण निवडू शकतो. आजाराची वाट ज्यांच्या नशिबी आली त्यांना ती जबर किमतीला मिळाली. आधी लस, मग योगायोगाने संसर्ग, या क्रमानेही शरीराला जवळपास तसाच लाभ होतो, आणि तो क्रम कितीतरी सुरक्षित आहे.

क्रमाचा मुद्दा निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही सांगते, कारण धोरण ठरवताना ती लागेल. शरीर पहिल्यांदा ज्या रूपाला भेटतं, त्याची छाप पुढच्या प्रतिसादांवर राहते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवलं की पहिल्या लाटेत मूळ विषाणूचा संसर्ग, मग लसीचे तीन डोस आणि मग ओमिक्रॉन, असा प्रवास झालेल्यांत ओमिक्रॉनचा संसर्ग होऊनही ओमिक्रॉनविरुद्धचा प्रतिसाद फारसा वाढला नाही. म्हणजे दोन्ही वाटा मिळाल्या की प्रत्येक नवा संसर्ग आपोआप बूस्टर ठरतो, असं समजू नये. आपल्याकडे २०२२ मध्ये दिलेले प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरे डोस, मूळ, वुहानच्या रूपावरच बेतलेले होते. ओमिक्रॉनसाठी बनवलेली लस पुण्यातल्याच जेनोव्हा कंपनीने केली, जेमकोव्हॅक-ओएम. जून २०२३ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तोवर लोकांचा लसीतला रस संपला होता आणि मोहीमही थंडावली होती. दरम्यान विषाणू एक्सबीबी, जेएन.१, एनबी.१.८.१ अशी रूपं बदलत पुढे निघून गेला.

आणि लहान मुलं. बारा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय मोहिमेत लस दिलीच गेली नाही. आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात, जून-जुलै २०२१ मध्ये, सहा ते नऊ वयोगटातल्या ५७ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी आढळल्या, सगळ्या संसर्गातून आलेल्या. २०२२ नंतर जन्मलेल्या मुलांची तर पहिली ओळखच ओमिक्रॉनच्या घराण्याशी झाली. त्यांच्या आजी-आजोबांची प्रतिकारशक्ती एका मुशीतली, त्यांची अगदी वेगळ्या. एकाच घरात, एकाच ताटावर बसणाऱ्या दोन पिढ्यांत इतका फरक असताना नवा व्हेरियंट कोणाला गाठेल याचा अंदाज बांधायचा, तर आपल्याजवळ आपलेच आकडे हवेत.

आता मागणीकडे.

जोडणी अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयसीएमआरचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी व्हॅक्सिन ट्रॅकर जाहीर केला, तो कोविन, राष्ट्रीय तपासणी नोंदी आणि कोविड इंडिया पोर्टल एकत्र करूनच. एका डोसाने मृत्यूपासून ९६.६ टक्के आणि दोन डोसांनी ९७.५ टक्के संरक्षण, असं त्यातून सांगितलं गेलं. म्हणजे वाट एकदा मोकळी झालेली आहे. समोर ठेवलेली तुलना डोसांची होती. जुना संसर्ग होता की नव्हता, ही फोड त्यात पुढे आली नाही. तेवढा एक रकाना वाढवून महाराष्ट्रापुरतं हे काम पुन्हा करावं, अशी आपण आयसीएमआरकडे लेखी मागणी करावी. राज्याच्या मृत्यू परीक्षणाच्या नोंदी त्याला जोडता येतील, त्या तर आपल्याच ताब्यात आहेत.

अडचणी मला माहीत आहेत. एका मोबाईल नंबरवर कोविनमध्ये चौघांची, पुढे सहा जणांची नोंद करायची मुभा होती. खेड्यात कित्येकांनी शेजारच्या पोराचा किंवा आशाताईंचा नंबर दिला. तपासणीच्या फॉर्मवर आडनाव एका प्रकारे, प्रमाणपत्रावर दुसऱ्या. एप्रिल-मे २०२१ मध्ये माझ्या त्या रुग्णासारखे असंख्य लोक तपासणीविनाच आजारी पडले. त्यामुळे नुसत्या संगणकी जोडणीने भागणार नाही, काही ठिकाणी रक्त तपासून पाहावं लागेल. इथे एक बारकावा आहे आणि तो सर्वेक्षणाच्या आराखड्यात चुकता कामा नये. कोविशिल्ड घेतलेल्या माणसाच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धची अँटिबॉडी सापडली, तर त्याला संसर्ग होऊन गेला हे ठरतं. कोव्हॅक्सिन अख्ख्या मृत विषाणूपासून बनते, त्यामुळे ती घेतलेल्यात ही अँटिबॉडी लसीमुळेही आलेली असू शकते. उलट, संसर्ग जुना असेल तर ती उतरून गेलेलीही असू शकते. म्हणून रक्ताच्या प्रत्येक नमुन्याबरोबर लस कोणती, कधी, आणि ताप-खोकल्याचं मोठं दुखणं कधी, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. आशाताई हे तीन प्रश्न उत्तम विचारू शकतात. कोणत्या घरात कोण कधी ऑक्सिजनवर होतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या या कामाचा मोबदला वेगळा आणि वेळेवर द्यावा.

हे काम करायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, आयसर आणि बी. जे. मेडिकल कॉलेज आहे. पुण्याजवळ वढूला केईएमच्या संशोधन केंद्राची गावागावातल्या लोकसंख्येची वर्षानुवर्षांची नोंद आहे. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, आणि आमच्या विदर्भात सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय. यांतल्या दोन-तीन संस्थांना एकत्र बसवून एक शहरी, एक ग्रामीण आणि एक आदिवासी भाग निवडला, मेळघाट असेल तर फारच चांगलं, तरी पुरेसं चित्र हाती येईल.

लोकांच्या खासगीपणाची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. २०२३ च्या जूनमध्ये कोविनमधली माहिती टेलिग्रामवर फिरत असल्याच्या बातम्यांनी गदारोळ झाला. केंद्राने पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं, पण लोकांच्या मनात शंका बसली ती बसलीच. नाव, मोबाईल, पत्ता, आधार यांतलं काहीही अभ्यासकांच्या हाती जाऊ नये. वय, लिंग, तालुका, लसीचं नाव, डोसांच्या तारखा, संसर्गाच्या तारखा, सहव्याधी आणि निष्पत्ती एवढं पुरतं. छोट्या गावातली आकडेवारी तालुक्यात मिसळूनच बाहेर काढावी, नाहीतर एका गावातला डायलिसिसचा एकुलता एक रुग्ण कोण, हे कोणालाही कळेल.

या अभ्यासाची वाट न पाहता करण्यासारखी एक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने २०२३ पासून स्पष्ट सांगितलं आहे की पुढचे डोस सगळ्यांनाच हवेत असं नाही. म्हातारी माणसं, गंभीर सहव्याधी असलेली, प्रतिकारशक्ती दबलेली, गर्भवती आणि आरोग्य कर्मचारी यांना प्राधान्य द्यावं. तरुण, निरोगी, दोन्ही वाटांची प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला घाबरवून सोडायचं कारण नाही, हेही त्यातून निघतं. माझ्या तालुक्यात आज किडनी प्रत्यारोपण झालेला रुग्ण आला आणि त्याने ‘लस घेऊ का, कुठली घेऊ, कुठे मिळेल’ असं विचारलं, तर मला उत्तर शोधायला मुंबईतल्या वर्गमित्राला फोन करावा लागतो. हे उत्तर आपल्या विभागाच्या परिपत्रकात हवं. त्यात व्हेरियंटची नावं नसली तरी चालतील, पण कोणत्या रुग्णाला डोस सुचवायचा, जुना संसर्ग होऊन किती महिने झाले असतील तर थांबायचं, आणि सध्याच्या रूपाशी जुळणारी लस राज्यात कुठे उपलब्ध आहे, हे मराठीत, एका पानात लिहिलेलं असावं. लस उपलब्ध नसेल तर तसंही स्पष्ट लिहावं.

२०२५ च्या मे-जूनमध्ये रुग्ण थोडे वाढले, तेव्हा रोजच्या बुलेटिनमध्ये मृतांच्या सहव्याधी लिहून येत होत्या. किती डोस झाले होते आणि आधी संसर्ग झाला होता का, हे दोन रकाने मला त्यात दिसले नाहीत. पुढची वाढ येईल तेव्हा बुलेटिनच्या नमुन्यात हे दोन रकाने आधीपासून छापलेले असावेत. त्यासाठी केंद्राची परवानगी लागत नाही, नवा निधी लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांना एक पत्र पाठवलं की होतं.

या कामात तालुक्याच्या पातळीवर जे करता येईल ते करायला मी तयार आहे. माझ्या रुग्णांच्या संमतीने त्यांच्या फायलींमधल्या तारखा, स्कोअर आणि प्रमाणपत्रं मी तपासून देईन. आमच्या भागातले इतर डॉक्टरही देतील, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. आपल्या विभागाकडून नोंदीचा नमुना आला की आम्ही कामाला लागतो.

आपली विश्वासू,
अमरावती जिल्ह्यातील एक फॅमिली डॉक्टर